हात थरथरतो म्हणून तराजूतला पासंग माफ?

गोल्फ खेळणाऱ्या मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय, कस्टम फिटिंगविरुद्ध, म्हणजे खेळाडूच्या मापाने क्लब (चेंडू मारायची काठी) जुळवून घेण्याविरुद्ध. मला तो तीन जणांकडून आला आणि तिघांनीही खाली अंगठा उंचावलेला. मजकूर थोडक्यात असा: ‘कस्टम फिटिंग ही कंपन्यांची थाप आहे. वीस हँडिकॅपवाल्याचा (ठरलेल्या फटक्यांहून साधारण वीस जास्त घेणाऱ्याचा) स्विंग दर फटक्याला वेगळा, त्याची मापं कसली घेणार? तयार सेट सरासरी माणसासाठीच बनवलेला असतो. टायगर वूड्सच्या हातात कुठलाही सेट द्या, तो तुम्हाला हरवेलच. शेवटी स्कोअर ठरतो तो ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर). तेव्हा पैसे कोचला द्या, फिटरला नको.’

वाचायला झकास आहे. यातली एक-दोन वाक्यं खरीही आहेत, आणि त्यांच्या आडून बाकीची खपून जातात. मी स्वतः विसाच्या आसपासचा खेळाडू. म्हणजे ज्याचा कळवळा येऊन हे लिहिलंय, तोच मी.

आधी मुख्य मुद्दा घेतो. ‘स्विंगच स्थिर नाही, मग मापं कसली?’

भाजीवाल्याचा हात थरथरतो. एका गिऱ्हाइकाला वीस ग्रॅम जास्त जातात, दुसऱ्याला वीस कमी. दिवसाअखेर हिशेब साधारण जुळतो. पण त्याच्या तराजूतच पन्नास ग्रॅमचा पासंग असेल, तर तो दर गिऱ्हाइकाला लागतो आणि कधीच फिटत नाही. आपला स्विंग म्हणजे तो थरथरणारा हात. क्लबची लांबी, लाय (दांड्याचा कोन, त्याबद्दल पुढे), ग्रिपची म्हणजे मुठीची जाडी यांतली चूक म्हणजे पासंग. फिटिंगने हाताची थरथर जात नाही. असं सांगणारा फिटर भेटला तर तिथून काढता पाय घ्यावा. पासंग मात्र जातो. आणि फटके आधीच इकडेतिकडे पांगत असतील, तर त्यांचा मध्य तरी झेंड्यावर असावा की झेंड्याच्या डावीकडच्या बंकरवर, म्हणजे वाळूच्या खड्ड्यावर?

शिवाय ‘दर वेळी वेगळा’ हे तरी कुठे खरं आहे? माझ्या चौकडीतल्या एकाचा स्लाइस बारा वर्षं त्याच्याशी एकनिष्ठ आहे. पावसाळा असो, मे महिना असो, चेंडू उजवीकडेच. सामान्य खेळाडूच्या चुका बहुतेक वेळा ठरलेल्या असतात, म्हणून तर लांबून नुसता स्विंग बघून माणूस ओळखता येतो. आणि काही मापांचा स्विंगशी फारसा संबंधच नाही. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, तळहात, बोटांची लांबी ही शनिवारी एक आणि रविवारी दुसरी नसतात.

आता लायबद्दल जरा सविस्तर, कारण माझी दोन वर्षं त्यात गेली. क्लबचा दांडा जमिनीशी जो कोन करतो तो लाय. चेंडूला लागताना क्लबचा तळ जमिनीला सपाट टेकायला हवा. उजव्या हाताने खेळणाऱ्या बुटक्या माणसाच्या हातात उंच माणसाचा क्लब दिला, तर टो (क्लबच्या डोक्याचं पुढचं टोक) वर उचलली जाते, हील (दांड्याकडची बाजू) जमिनीत रुतते आणि क्लबचं तोंड डावीकडे बघू लागतं. लॉफ्ट (तोंडाचा मागे कललेला कोन) जितका जास्त, तितका हा परिणाम मोठा. सात नंबरच्या आयर्नचा (मधल्या अंतराच्या क्लबचा) लॉफ्ट ३३ अंश धरा. लाय तीन अंशांनी चुकला, तर साध्या भूमितीने तोंड जवळजवळ दोन अंश वळतं. १४० यार्डांवर त्याचे पाच यार्ड होतात. ५६ अंशांच्या वेजला (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबला) तीच चूक साडेचार अंशांच्या घरात जाते, म्हणजे ८० यार्डांवर सहा यार्ड. ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारायच्या क्लबला) जेमतेम अर्धा अंश, तिथे लायची चिंता सोडून द्यावी. ‘एका अंशाला चार यार्ड’ हे वाक्य मी विकणाऱ्यांकडून बऱ्याचदा ऐकलंय. ते फुगवलेलं आहे. पण न फुगवलेला आकडाही ग्रीनवरचा चेंडू ग्रीनबाहेर काढायला पुरेसा आहे.

माझा पहिला सेट मेहुण्याने अमेरिकेहून येताना आणला होता. चांगल्या कंपनीचा, जवळजवळ नवा. माझी उंची पाच फूट पाच इंच. आयर्नचे फटके डावीकडे जायचे. मी शिकवण्या लावल्या, हातांची पकड बदलली, पायांची ठेवण बदलली, मनगट घट्ट धरायला शिकलो. फटके थोडे सरळ झाले, पण अंगात एक वेडावाकडा झटका बसला. हे ओळखलं ते कॅडीने. खेळताखेळता म्हणाला, ‘साहेब, तुमचा डिव्हट (फटक्याने उखडलेली जमीन) बघा. हीलकडे खोल, टोकडे नुसतं गवत खरवडलंय. काठी उभी पडतेय तुम्हाला.’ पैसे घेऊन शिकवणाऱ्यांनी जे दोन वर्षांत पाहिलं नव्हतं, ते त्याने बॅग खांद्यावरून न उतरवता सांगितलं.

मग आयर्न यंत्रात धरून दोन अंश वाकवून घेतले. पुढे चमत्कार घडला असं वाटत असेल, तर तसं नाही. पुढचा महिनाभर चेंडू उजवीकडे गेला, कारण क्लब सुधारला तरी माझा झटका तसाच होता. तो सुटायला वेळ लागला. वर्षभरात हँडिकॅप बावीसवरून वीसवर आला. एवढंच. पण त्या दोन वर्षांत मी जे शिकलो ते खेळणं नव्हतं, चुकीच्या काठीशी जुळवून घेणं होतं.

‘पैसे कोचला द्या’ याचं उत्तरही यातच आलं. कोच आणि फिटर यांतून एकाला निवडायचं, हा पेच मुळात खोटा आहे. काठी चुकीची असेल, तर शिकवणीचे पैसे काठीची चूक झाकायला शिकण्यात जातात. मात्र एक कबूल करतो. ज्याने गेल्या महिन्यात पहिल्यांदा क्लब हातात घेतला, त्याने तासभर सिम्युलेटरपुढे उभं राहून शाफ्टचे (दांड्याचे) सहा प्रकार तपासणं म्हणजे शुद्ध चैन. त्याने लांबी आणि ग्रिप बरी बघून जुना अर्धा सेट घ्यावा आणि शिकायला लागावं. पण बघा, ‘लांबी आणि ग्रिप बरी बघून’ हेसुद्धा मापच झालं!

‘तयार सेट सरासरी माणसासाठीच असतो.’ कुठल्या सरासरी माणसासाठी? मोठ्या कंपन्यांची नेहमीची मापं साधारण पाच फूट नऊ-दहा इंचांच्या पुरुषाला बसतात. अमेरिकी पुरुषांची सरासरी उंची त्याच्या आसपास आहे. आपल्याकडे ती तीन-चार इंचांनी कमी. बायकांचं तर विचारूच नका. ‘लेडीज’ सेट म्हणजे बहुधा पुरुषांच्या सेटहून इंचभर आखूड, हलका आणि मऊ शाफ्टचा. पाच फुटांच्या मराठी बाईला तोही लांब, आणि शाळा-कॉलेजात हॉकी खेळलेल्या दणकट मुलीला तो फारच मऊ. दोघींना दुकानदार तोच सेट दाखवतो, फार तर रंग बदलून.

शाफ्टवरच्या अक्षरांचा गोंधळ वेगळाच. आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ. पण आर किती मऊ असावा याचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं एक माप नाही. एकाचा आर दुसऱ्याच्या एसइतका कडक निघू शकतो. त्यात आपल्या पुरुषांना एस घेतला की मिशीला पीळ दिल्यासारखं वाटतं. अमेरिकेतल्या पीजीए टूरवर (व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धांत) ड्रायव्हर फिरवण्याचा वेग ताशी सरासरी ११५ मैलांच्या आसपास असतो, हौशी पुरुषाचा ९३च्या आसपास. आपण पाहतो त्यांना, विकत घेतो त्यांच्यासारखं आणि मारतो आपल्या वेगाने. ८५ मैलांच्या स्विंगला नऊ अंश लॉफ्टचा कडक ड्रायव्हर घेतला, तर चेंडू वर चढतच नाही. तोच माणूस साडेदहा-बारा अंशांच्या डोक्याने बहुतेक वेळा लांब मारतो. यात दर्जाचा प्रश्न नाही, मापाचा आहे.

हा मजकूर फिरवणारे निम्मे लोक क्रिकेटमधून आलेले. दहा वर्षांच्या पोराला यांनी कधी मोठ्यांची बॅट घेऊन दिली होती का? पाच नंबर की सहा नंबर, हे दुकानात उभं राहून पोराच्या पायाशी लावून बघायचे. स्वतःसाठी घेतानाही दहा बॅटी उचलून, पिकअप (हाताला जाणवणारं वजन) बघून, मगच पैसे द्यायचे. तिथे कुणी म्हणालं नाही की आधी सचिनसारखं खेळायला शीक, मग वजन बघ.

टायगरचा मुद्दा दोन ओळींत संपतो. हो, तो मला झाडूनेसुद्धा हरवेल. त्यातून एवढंच सिद्ध होतं की कौशल्य क्लबपेक्षा मोठं. क्लबने काहीच फरक पडत नाही, हे सिद्ध होत नाही. उलट परक्या क्लबशी तो दहा चेंडूंत जुळवून घेईल. मला दोन वर्षं लागली, तीही वाया गेली.

‘स्कोअर ग्रीनवर ठरतो’ हे आपण इतकं ऐकलंय की तपासायचं सुचत नाही. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी हजारो फटक्यांच्या नोंदींवरून हिशेब मांडला, तेव्हा चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधल्या फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शंभर यार्डांपलीकडच्या फटक्यांत निघाला. म्हणजे नेमके आयर्न आणि ड्रायव्हर. आणि पटिंगच (ग्रीनवरचे हलके फटके) महत्त्वाचं मानायचं, तर त्याचा क्लब, पटर, तरी मापाचा का नको? दुकानात तो सहसा चौतीस-पस्तीस इंचांचा मिळतो. पाच फूट पाच इंचांचा माणूस त्याचं टोक पोटात खुपसून उभा राहतो आणि लाइन दिसत नाही म्हणून चष्म्याला दोष देतो.

राहिली ‘कंपन्यांची थाप’. इथे मजकूर लिहिणाऱ्याशी मी निम्मा सहमत आहे, आणि माझा राग त्याच्याहून जास्त असेल. फिटिंगच्या नावाखाली चालणारी बरीचशी सत्रं म्हणजे नव्या ड्रायव्हरची विक्री असते. तुमच्या जुन्या क्लबने पहिले पाच फटके, अंग गरम होण्याआधीचे. नव्याने पंधरा फटके, आणि त्यातला सर्वांत लांब पडद्यावर गोठवून ठेवायचा. ‘बघा सर, वीस यार्ड!’ अशा वेळी सांगावं की आता पुन्हा माझा क्लब द्या. दोन्हींचे दहा-दहा फटके, आणि आकडा सरासरीचा. लांबीपेक्षा फटके किती पांगले ते बघावं. मोजलेली लांबी, लाय, लॉफ्ट, ग्रिप कागदावर लिहून मागावी. आणि फिटरला विचारावं, ‘तुमचा जुना क्लबच ठीक आहे’ असं शेवटचं कुणाला सांगितलंत?

पण वाईट फिटर असतात म्हणून मापच थोतांड, हे कसं? मुळात मापाने क्लब करणं ही आजकालची टूम नाहीच. स्टीलच्या दांड्याला अमेरिकेत १९२४ साली आणि गोल्फचे नियम ठरवणाऱ्या, सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए संस्थेकडून १९२९ साली मान्यता मिळाली. त्याआधीच्या हिकरी लाकडाच्या जमान्यात कारागीर दांडा तासून गिऱ्हाइकाच्या हाताला बसवून देत असे. दुकानातून एकसारखा सेट उचलायचा, हीच नवी सवय. पिंग या क्लब बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोलहाइम हे जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर. त्यांच्या कंपनीने आयर्नवर रंगीत ठिपके आणले: काळा म्हणजे नेहमीचा लाय, निळा थोडा उभा, लाल थोडा सपाट. उंची आणि मनगट ते जमीन हे अंतर तक्त्यात शोधलं की आपला रंग मिळतो. यात रडार नाही, पडदा नाही. शिंप्याची टेप पुरते.

ज्याला तेवढाही खर्च नको, त्याने एक करावं. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर जाड रेघ ओढायची, ती क्लबच्या तोंडाकडे उभी राहील असा चेंडू ठेवायचा आणि मारायचा. क्लबवर रेघेचा ठसा उमटतो. उभा असेल तर लाय बरोबर, कलला असेल तर चूक. दहा फटके मारा. दहाही एकाच बाजूला कललेले दिसले, तर ‘माझा स्विंग दर वेळी वेगळा’ हे म्हणणं परत घ्या.

मूळ मजकुरात नसलेला, पण तो पाठवणाऱ्यांपैकी एकाने जोडलेला शेवटचा शेरा: ‘आणि आपल्या वयात तर हे हवंच कशाला?’ उलट आहे. वेग उतरतो, बोटं आखडतात, तेव्हाच मापं बदलतात. माझ्यासोबत खेळणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांच्या अंगठ्यांना संधिवात आहे. नऊ होल झाले की हात मिटेना, म्हणून घरी जायचे. त्यांच्या ग्रिपखाली टेपचे चार वेढे वाढवले आणि आयर्नना हलके ग्रॅफाइट शाफ्ट घातले. डोकी तीच, पंधरा वर्षांपूर्वीची. आता अठरा होल, म्हणजे पूर्ण डाव, खेळतात. स्कोअर फारसा सुधारलेला नाही. पूर्वी नऊ होलची कुरकुर ऐकायचो, आता अठरांची ऐकतो.