टाळ्या कमी पडलेली रात्र

अमेरिकन रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने १८ ऑगस्ट १९६७ला लॉस एंजेलिसच्या हॉलीवुड बोल या खुल्या प्रेक्षागृहात केलेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण नोव्हेंबर २०२३मध्ये बाहेर आलं. तब्बल ५६ वर्षांनी! हेंड्रिक्स गेल्यावर त्याच्या नावावर इतकं काही निघालं की आता कपाटात काय शिल्लक असणार, असंच वाटायचं. बूटलेग, म्हणजे परवानगीशिवाय फिरणारी ध्वनिमुद्रणं, तर विचारूच नका. पण या रात्रीचा एक सूरही बूटलेगवरसुद्धा फिरला नव्हता.

काहीजण म्हणतात, मॉन्टेरेच्या पॉप महोत्सवातला त्याचा कार्यक्रम आहे ना, मग हे कशाला? मॉन्टेरे आहेच. १८ जून १९६७, शेवटी पेटवलेली गिटार, सगळं मान्य. पण मॉन्टेरेची गर्दी काहीतरी अचाट बघायच्या तयारीनेच आलेली होती. हॉलीवुड बोलला, बरोबर दोन महिन्यांनी, लोक आले होते ‘द ममाज अँड द पापाज’साठी. चार आवाजांत गुंफलेली त्यांची गोड गाणी ऐकायला. हेंड्रिक्स त्यांच्या आधी वाजवणारा. त्याचा पहिला अल्बम इंग्लंडमध्ये मे महिन्यातच आला होता, तिथे त्याची गाणी गाजतही होती. अमेरिकेत तोच अल्बम यायचा होता २३ ऑगस्टला, म्हणजे या कार्यक्रमानंतर पाच दिवसांनी. सिअ‍ॅटलमध्ये जन्मलेला हा माणूस स्वतःच्याच देशात अनोळखी होता.

ते सगळं या टेपमध्ये ऐकू येतं. सुरुवात होते बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ने, तेव्हा ते गाणं जेमतेम अडीच महिन्यांचं होतं. मग ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकसंगीत, गाणाऱ्या हाउलिन वुल्फचं ‘किलिंग फ्लोअर’. मिच मिचेलचे ड्रम्स आणि नोएल रेडिंगचा बेस त्याच्या मागे अक्षरशः धावतायत. गाणं संपतं आणि टाळ्या येतात त्या बेताच्या. शिष्टाचाराच्या. हेंड्रिक्स मधेमधे बोलतो, पुढचं गाणं सुरू करतो, आणि एवढ्याशा प्रतिसादावरही हात आखडता घेत नाही. मला याचंच फार अप्रूप वाटतं. समोरून दाद येत असताना रंगणं वेगळं. आपल्याकडे मैफिलीला बसणाऱ्यांना हे सांगायला नको.

‘कॅटफिश ब्लूज’ जरूर ऐका. जुन्या ब्लूजवर त्याची किती घट्ट पकड होती ते तिथे कळतं. गिटार पेटवणारा माणूस एवढीच त्याची ओळख करून देणाऱ्यांनी तर नक्कीच ऐकावं.

हे ध्वनिमुद्रण दोन ट्रॅकचं आहे. गायन एका ट्रॅकवर, ड्रम्स दुसऱ्यावर अशी सोय नाही, त्या रात्री जे मिसळलं गेलं ते तसंच मिसळलेलं. माझ्या मते हे भाग्यच म्हणायचं. १९७५ साली ‘क्रॅश लँडिंग’ नावाचा अल्बम निघाला होता. निर्माता अ‍ॅलन डग्लसने हेंड्रिक्सच्या अपुऱ्या टेप्स घेतल्या, मूळ साथीदारांचं वादन काढून टाकलं आणि स्टुडिओतल्या भाडोत्री वादकांकडून त्या जागा भरून घेतल्या. जो माणूस ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायला हयात नाही, त्याच्या संगीताला असा हात लावणं मला तेव्हाही चूक वाटलं असतं आणि आजही वाटतं. १९९५पासून हा सगळा ठेवा त्याच्या कुटुंबाकडे आहे, आणि या वेळी थंड टाळ्यासुद्धा तशाच ठेवल्या याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

कंपन्यांना गाजलेल्या रात्री विकायच्या असतात, ते समजू शकतो. पण एखादा कलावंत कसा घडला हे समजून घ्यायला न गाजलेल्या रात्रीच जास्त उपयोगी पडतात. साठच्या दशकातल्या अशा टेप्स अजून जिथे कुठे पडून असतील, त्या चुंबकीय फीत खराब होण्याआधी बाहेर काढा. फार साफसूफ करू नका. चुकलेला सूर, खरखर, माइकची शिट्टी, सगळं राहू द्या.

आणि हो, १४ सप्टेंबर १९६८ला हेंड्रिक्स पुन्हा हॉलीवुड बोलला आला. या वेळी मुख्य नाव त्याचंच होतं. लोक इतके बेभान झाले की रंगमंचासमोरच्या पाण्याच्या तलावात त्यांनी उड्या मारल्या. मधे जेमतेम तेरा महिने गेले होते.