ऑक्टोबरचे मळकट पाहुणे

"किती स्पीशीज झाल्या?" निरीक्षण मनोऱ्यावरून खाली उतरलं की पहिला प्रश्न हाच. चहा घेतला का, वगैरे नंतर.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला बहुतेक मंडळी थंडी पडल्यावर येतात. रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ, नाव मोठं, त्यामुळे जानेवारीतल्या रविवारी पक्ष्यांपेक्षा लेन्सच जास्त. मला विचाराल तर यायचं ते ऑक्टोबरच्या शेवटी. निफाडकडे द्राक्षबागांत छाटणी-फवारणीची धांदल असते आणि गोदावरी-कादवाच्या उथळ पाण्यात उत्तरेकडचे पाहुणे नुकते कुठे टेकलेले असतात.

पण ते दिसतात अगदीच गबाळे! पुस्तकातला थापट्या बदकाचा नर बघा: हिरवं डोकं, पांढरी छाती, तांबूस कूस. ऑक्टोबरात तोच नर मादीसारखा मातकट. विणीनंतर नरांची भडक पिसं झडतात, पंखांतली उडायची पिसंही एकदमच गळतात आणि काही आठवडे उडताच येत नाही. अशा वेळी लपायला मातकट रंगच बरा. नवा पोशाख इथे येऊन सावकाश चढतो. तोवर ओळख पटवायची ती फावड्यासारख्या चोचीवरून, नाहीतर जेवायच्या पद्धतीवरून. दहा-बारा जण चोची पाण्यात घालून एकामागोमाग गोल फिरत राहतात. पुढच्याने ढवळलेलं मागचा गाळून खातो. हे बघायला अर्धा तास एका जागी बसावं लागतं, आणि आपल्याला तेच नको असतं.

काठावर म्हैस चरत होती. तिच्या नाकापुढे एक पिवळा धोबी पक्षी. पिवळा म्हणायचा एवढंच, बाकी सगळा राखाडी. तिनं पाऊल टाकलं की गवतातून किडे उडायचे, हा टिपायचा आणि खुरापासून वीतभर बाजूला सरकायचा. ना ती बिचकली, ना तो.

एवढ्यात कुणीतरी टाळ्या वाजवून थवा उठवला. फ्लाइट शॉट हवा होता! अहो, अंगावरची चरबी जाळत हे इथवर आलेत, आता चार घास खाऊन ती भरून काढतायत. भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालत आला की थवा उठतोच, पण तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. आपलं काय अडलंय?

5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह आहे. कुणाला यायचं असेल तर रविवार सोडून सांगा, थर्मास मी आणतो. रोहित (फ्लेमिंगो) दिसतीलच याची हमी नाही.