प्रिंटरचा अहवाल निरंक

मेडिकल दुकानाचं बिलिंग असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत, लिहायचं तुम्ही ठरवलंत, अभिनंदन. सी-शार्पवाला जे दुपारच्या चहाआधी उरकतो त्याला तुम्हाला पावसाळा पुरणार नाही. पण तुमची एक्झी फाइल काही केबींची होईल आणि ते केबी तुम्हाला जन्मभर लोकांना ऐकवता येतील. दुकानदाराच्या मशीनमध्ये पाचशे जीबी रिकामे पडलेले असतात, हा प्रश्न कुणी काढलाच तर विषय बदला.

आता उरलं छापणं. नवशिका माणूस प्रिंटडीएलजी हे विंडोजचं फंक्शन बोलावतो आणि पडद्यावर ती ओळखीची खिडकी उघडते. कुठला प्रिंटर, किती प्रती, कुठली पानं? ही खिडकी ठेवायची म्हणजे काउंटरवरच्या माणसाला काही कळतं, हे कबूल करायचं. छे! बटण दाबलं की कागद बाहेर, मध्ये माणूस नको.

खिडकी गाळायची सगळ्यात आळशी युक्ती प्रिंटडीएलजीतच आहे. फ्लॅगमध्ये पीडी-रिटर्नडिफॉल्ट म्हणजे ४०० हेक्स (सोळाच्या पायाचा आकडा) आणि पीडी-रिटर्नडीसी म्हणजे १०० हेक्स, दोन्ही टाका. काही न दाखवता डिफॉल्ट प्रिंटरचा डीसी, म्हणजे ज्यावर विंडोज अक्षरं काढतं तो कागद, हातात येतो. मात्र त्याच फंक्शनला द्यायच्या स्ट्रक्चरमधली डेव्हमोड (प्रिंटरच्या सेटिंग) आणि डेव्हनेम्स (प्रिंटरची नावं) ही दोन हँडल शून्य हवीत, नाहीतर कॉल फसतो. स्ट्रक्चर तुम्ही स्टॅकवर घेतलेलं असणार आणि त्यात आधीच्या फंक्शनांचा कचरा असणार. तो पुसत बसू नका. तुमच्या मशीनवर तो कचरा योगायोगानं शून्य निघतो, गिऱ्हाइकाच्या मशीनवर निघत नाही. मग ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे वाक्य तुम्ही खोटं न बोलता म्हणू शकता. शिवाय ३२ बिटमध्ये हे स्ट्रक्चर भरतं ६६ बाइटचं, कारण मधोमध पाच दोन-दोन बाइटची फील्डं आहेत आणि पुढे भर घातलेली नाही. चारनं भाग जाणारा आकार नीटनेटका दिसतो म्हणून ६८ लिहा. सौंदर्यदृष्टीही काही चीज आहे.

थोडा स्वाभिमान असेल तर क्रिएटडीसीला ‘विनस्पूल’ आणि प्रिंटरचं नाव द्या, मग स्टार्टडॉक, स्टार्टपेज, टेक्स्टआउट, एंडपेज, एंडडॉक. मोजमाप पडद्याच्याच पिक्सेलमध्ये ठेवा. पडद्यावर ९६ डीपीआयला शंभर ठिपके म्हणजे इंचाहून थोडं जास्त. ६०० डीपीआयच्या लेझरवर तेच सव्वाचार मिलिमीटर. अख्खं बिल पानाच्या डाव्या कोपऱ्यात, भिंगाशिवाय न वाचता येणारं. गेटडिव्हाइसकॅप्सला विचारलं तर तो डीपीआय सांगतो, पण विचारायचं नाही हे आपलं ठरलंय ना.

आणि खरे मर्द थेट राइटप्रिंटर वापरतात. ओपनप्रिंटर, स्टार्टडॉकप्रिंटर, डेटाटाइप ‘रॉ’, आणि बाइट सरळ यंत्राच्या घशात. ड्रायव्हर नाही, फाँट नाही, मधला कुणी नाही. शेवटी शून्य-सी हेक्स, म्हणजे पान बाहेर ढकलणारा फॉर्मफीड, पाठवायला विसरा. लेझर प्रिंटर ते बिल पोटात धरून बसेल, दिवा लुकलुकत राहील आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल आलं की पान भरून एकाचा रक्तदाब आणि दुसऱ्याची मूळव्याध एकत्र बाहेर येईल. कागद वाचला.

मराठी बिल हवं असेल तर रॉ मोड फारच प्रेक्षणीय. ‘क’ हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं: ई-शून्य, ए-चार, ९५. ज्या डॉट मॅट्रिक्सच्या रॉममध्ये जुनं ४३७ नंबरचं कोडपेज (कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर याचा तक्ता) भरलेलं आहे तो हे तीन बाइट प्रामाणिकपणे छापतो: आधी ग्रीक अल्फा, मग डोक्यावर लाट घेतलेला स्पॅनिश एन, मग तिरक्या रेघेचा इटालियन ओ. तुमच्या ‘कफ सिरप’मध्ये निम्मा युरोप येऊन जातो. जीडीआयवरून, म्हणजे विंडोजच्या चित्रकामाच्या फंक्शनांमधून, टेक्स्टआउटडब्ल्यू वापरला तर विंडोज २००० पासून जोडाक्षरं नीट जुळवून मिळतात. म्हणून तुम्ही टेक्स्टआउटए वापरा. तिथं मराठीची प्रश्नचिन्हं होतात आणि बिल निदान एका लिपीत राहतं.

हे सगळं किरकोळ झालं. तुमची खरी कला लागते ती प्रिंटरची तब्येत विचारताना.

डॉसच्या काळी यात मजा नव्हती. प्रोसेसरच्या एएच रजिस्टरमध्ये दोन, डीएक्समध्ये शून्य, इंट १७ हेक्स, आणि बायोस, म्हणजे मशीनचं अंगभूत सॉफ्टवेअर, उत्तर एएचमध्ये ठेवून मोकळं. पाचवा बिट म्हणजे कागद संपला, तिसरा म्हणजे एरर, चौथा म्हणजे प्रिंटर ऑनलाइन, सातवा म्हणजे रिकामा आहे, बोला. बायोसवरही विश्वास नसेल तर ३७९ हेक्स हा पोर्ट वाचायचा. पंचवीस पिनांच्या केबलमधली एकेक तार एकेका बिटावर यायची; कागद संपला की यंत्र स्वतः ती तार वर करायचं. मध्ये कुणी अधिकारी नाही, त्यामुळे खोटं बोलायला जागा नाही. विंडोज एनटीनं हा असभ्यपणा बंद केला. आज यूजर मोडमधून, म्हणजे साध्या प्रोग्रॅममधून, पोर्ट वाचायची ‘इन’ सूचना चालवली तर उत्तर मिळत नाही, प्रोग्रॅम मारला जातो: प्रिव्हिलेज्ड इन्स्ट्रक्शन, सी-०००००९६.

आता रीतसर अर्ज करायचा. ओपनप्रिंटरनं हँडल घ्या आणि गेटप्रिंटरला लेव्हल २ मागा. पहिल्यांदा बफरचा आकार शून्य द्यायचा. तो नकार देतो, एरर १२२, आणि किती बाइट लागतील ते सांगतो. तेवढी मेमरी घेऊन पुन्हा जायचं. हे दोन हेलपाटे पद्धतीचा भाग आहेत, तक्रार करू नका. हातात प्रिंटर-इन्फो-२ पडतं: ३२ बिटमध्ये एकवीस फील्डं, चौऱ्याऐंशी बाइट. स्टेटस आहे ७२ व्या बाइटवर. हा ७२ कोडमध्ये खोदून ठेवा, कॉमेंट नको. उद्या ६४ बिटवर गेलात की पॉइंटर आठ बाइटचे होतात आणि स्टेटस १२४ वर सरकतं. ७२ वर तिथं प्रिंट प्रोसेसरच्या नावाचा पत्ता येतो. त्या पत्त्याचे बिट तुम्ही स्टेटस म्हणून वाचाल आणि प्रिंटर कधी ‘दार उघडं’ सांगेल, कधी ‘टोनर संपला’, कधी दोन्ही. विविधता आली.

बिटांची यादी वाचाच एकदा, करमणूक आहे. पॉज १, एरर २, कागद अडकला ८, कागद संपला १० हेक्स, ऑफलाइन ८०, त्यापुढे बाहेरचा ट्रे भरला, यंत्र तापतंय, टोनर कमी, मेमरी संपली, झाकण उघडं, वीज वाचवतोय. एक बिट नुसता ‘हे पान मला जमणार नाही’ असं सांगायला राखून ठेवलाय. एवढी संवेदनशील यादी माणसांच्या दवाखान्यात भरून घेत नाहीत. तुम्ही अर्थातच टेस्ट सूचनेनं एकेक बिट पाहणार नाही, अख्खा आकडा ताडणारं सीएमपी ईएएक्स, ८० हेक्स असं सरळ लिहाल. म्हणजे प्रिंटर ऑफलाइन असताना कागदही संपला की बेरीज ९० हेक्स होते, ८० शी जुळत नाही, आणि तुमचा प्रोग्रॅम बिनधास्त छापायला घेतो. आणि गंमत अशी की इंट १७ ला हेच ९० उत्तर आलं तर त्याचा अर्थ होता: ऑनलाइन आहे, रिकामा आहे, पाठवा. जुना कोड नव्या घरात आणणाऱ्यांसाठी याहून सुरेख खड्डा कुणी मुद्दाम खणला नसता.

पण हे बिट तुम्हाला क्वचितच दिसणार. तुम्हाला दिसेल शून्य. कागद नाही: शून्य. यूएसबी केबल झाडूवाल्या मावशींनी काढली: शून्य. प्रिंटर दुरुस्तीला गेला, टेबलावर नुसता धुळीचा चौकोन उरलाय: शून्य. तालुक्याच्या कचेरीतून जिल्ह्याला जातो तो ‘निरंक’ अहवाल तुम्ही पाहिला असेल. काही घडलं नाही की निरंक, आणि कुणी पाहायलाच गेलं नाही तरीही निरंक. शून्य स्टेटसचं तंतोतंत तेच आहे. कारण तुम्ही प्रश्न विचारता तो यंत्राला नाहीच, स्पूलरला, म्हणजे छापायची कामं रांगेत लावणाऱ्या विंडोजच्या कारकुनाला. स्पूलरला पोर्ट मॉनिटरनं, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टाशी बोलणाऱ्या त्याच्या हाताखालच्यानं, काही कळवलं तर तो सांगणार. पोर्ट मॉनिटरला उलट दिशेनं बोलणारा प्रिंटर आणि तशी इच्छा असलेला ड्रायव्हर मिळाला तर तो कळवणार. आणि हे सगळं साधारणपणे एखादा जॉब प्रत्यक्ष यंत्राकडे जात असतानाच ताजं होतं.

म्हणून माझा आग्रह आहे की स्टेटस नेहमी छापण्याआधी तपासा. तेव्हा कुणालाच काही माहीत नसतं, त्यामुळे उत्तर हटकून चांगलं येतं. मग एंडडॉकनं शून्याहून मोठा आकडा परत केला की पडद्याखाली हिरव्या अक्षरांत ‘बिल छापले’ लिहा. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की स्पूलरनं फाइल ठेवून घेतली. सिस्टम३२ मधल्या स्पूल फोल्डरात एक एसपीएल आणि एक एसएचडी फाइल पडते, आणि तुमची जबाबदारी तिथं संपते.

काही किडे याच्याही पुढं जातात. ते म्हणतात, स्टेटससोबत ॲट्रिब्यूट्सही वाचा. यूएसबी निघाली की बऱ्याचदा तिथला वर्क-ऑफलाइन हा ४०० हेक्सचा बिट लागतो आणि स्टेटस मात्र कोरंच राहतं. ते म्हणतात, स्टेटसच्या पुढचंच फील्ड पाहा, ७६ व्या बाइटवर, रांगेतल्या जॉबची संख्या. आणि एनमजॉब्जनं प्रत्येक जॉबची हालत विचारा. छापायला पाठवून अर्धा मिनिट झालं तरी जॉब रांगेत उभाच असेल तर काहीतरी बिघडलंय, हे कुठल्याही ड्रायव्हरच्या सचोटीशिवाय कळतं. अशा लोकांपासून लांब राहा. त्यांच्या नादी लागलात तर गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगावं लागेल, आणि त्यासाठी पडद्यावर एखादी खिडकी दाखवावी लागेल.

त्यापेक्षा काउंटर पाहा. संध्याकाळचे सात, रांग दारापर्यंत. पोऱ्या बटण दाबतो. काही नाही. खाली हिरवं ‘बिल छापले’. पुन्हा दाबतो. पुन्हा हिरवं. शेठ गल्ल्यावरून ओरडतात, ‘अरे, दाब ना!’ तो सात वेळा दाबतो. मग हातानं बिल लिहून गिऱ्हाईक वाटेला लावतात. नऊच्या सुमारास कुणाचा तरी पाय लागतो, मागची केबल दिसते, खोचली जाते, आणि प्रिंटर एका दमात सात बिलं ओकतो, इन्शुलिनची, त्याच गिऱ्हाइकाची. पण स्टॉकमधून इन्शुलिन वजा झालंय सातदा, कारण तुम्ही साठा छापण्याच्या बटणालाच बांधलाय. शेठ फोन करतील. शांतपणे म्हणा, ‘शेठ, प्रिंटर एकदा बंद करून चालू करा.’ तोवर तो तसाही चालू झालेला असतो, श्रेय तुमचं.

खिडकी न दाखवता काम करण्याला भविष्य नाही असं मात्र समजू नका. २०१० साली गाजलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रॅमनं स्टार्टडॉकप्रिंटर हेच फंक्शन वापरलं, तुम्ही वापरता तेच. दुसऱ्या मशीनच्या शेअर केलेल्या प्रिंटरवर ‘छापायला’ सांगायचं आणि आउटपुट फाइल म्हणून सिस्टम३२ मधला रस्ता द्यायचा. स्पूलर आज्ञाधारकपणे ती तिथं लिहून ठेवायचा. मायक्रोसॉफ्टनं त्या सप्टेंबरात भोक बुजवलं. २०२१ च्या जुलैत प्रिंटनाइटमेअर हे नवं भोक आलं, पुन्हा स्पूलरच. कागदाला हातही न लावता इतकं काम करून घेणारे प्रोग्रॅमर तुमच्या क्षेत्रात होऊन गेलेत.

शेवटची अडचण डिफॉल्ट प्रिंटरची. गेटडिफॉल्टप्रिंटर नाव सांगतो ते तुम्ही डोळे मिटून घ्या. विंडोज १० मध्ये डिफॉल्ट स्वतः सांभाळायची सोय आहे. ती चालू असली की जो प्रिंटर शेवटी वापरला तोच डिफॉल्ट. दुपारी शेठच्या मुलीनं कॉलेजची असाइनमेंट पीडीएफ केली की संध्याकाळी तुमचं पहिलं बिल मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफकडे जाणार. आणि तुम्ही इतका जीव टाकून गाळलेली खिडकी ऐन गर्दीत उघडणार: फाइल कुठं ठेवू? ही खिडकी तुमची नाही, पोर्टची आहे. तुमचा कुठलाही फ्लॅग तिला लागू नाही.

घाबरू नका, हिच्यावरही इलाज आहे. स्टार्टडॉकच्या डॉकइन्फोत तिसरं फील्ड असतं, एलपीएसझेड-आउटपुट. तिथं फाइलचा पूर्ण रस्ता दिला की ती खिडकीही गप्प. रस्ता डेटा सेगमेंटमध्ये एकदाच लिहा: डी:\बिल.पीडीएफ. तारीख आणि बिल नंबर जोडून वेगळं नाव बनवायचं म्हणजे असेंब्लीत आकड्याची अक्षरं करणं आलं, भागाकार, बाकी, उलटं लिहिणं, कोण करतंय? प्रत्येक नवं बिल मागच्यावर बसत जाईल, डिस्क भरणार नाही. एप्रिलमध्ये सीएसाहेब वर्षाची बिलं मागतील. शेठ फोल्डर उघडतील. फाइल एकच असेल, ३१ मार्चच्या रात्रीची, एक कफ सिरप आणि पॅरासिटामॉलच्या दोन पट्ट्या. त्या आठवड्यात फोन बंद ठेवा.