उंदराला डिप्रेशन येतं का?

दिवाळीत साताऱ्याला गेले होते. फराळाला बसल्यावर मामेभावाने विचारलं, "ताई, उंदराला कुठे डिप्रेशन येतं? मग कशाला छळता त्या मुक्या जिवांना?" पलीकडून मामा म्हणाले, "माणसाचं तरी काय, मनाला लावून घेतलं की होतं सगळं." ब्रिस्टलला प्रयोगशाळेत परतले तरी दोन्ही वाक्यं डोक्यातून जात नाहीत.

मामेभावाचा प्रश्न रास्त आहे. उंदराला डिप्रेशन येतं असं मी म्हणणार नाही. १९७७ पासून उंदराला पाण्यात सोडून तो किती वेळ धडपडतो यावर डिप्रेशनची औषधं पारखली गेली. पण तो थांबतो तो हताश होऊन की ताकद राखायला, हे कोण सांगणार? ब्रिटन सरकारला ही चाचणी बंद करायची आहे, आणि मला ते पटतं. इथे शेपटीला धरून उंदीर उचलायचा नाही हे सुरुवातीलाच शिकवतात. नळी पुढे धरायची, तो आपणहून आत शिरला की नळीच उचलायची. शेपटीला धरलेले उंदीर जास्त घाबरट होतात, हे लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं. म्हणजे भीती मोजायला बसायचं आणि ती आपणच घालायची!

मामांचं वाक्य मात्र मला सोसत नाही. त्यांचीच बहीण, माझी मावशी, सासरचा जाच सोडून माहेरी आली. भांडं पडलं तरी थरथरायची. "आता सुटलीस ना, मग कसली भीती?" असं सगळे विचारायचे. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जींच्या गटाने पांढऱ्या उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवलं. मेंदूतल्या, स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, भीतीशी निगडित अमिग्डालामधल्या फोफावल्या. मग एकवीस दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डाला नाही.

यावरून मावशीचं निदान होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण जाच थांबला की भीतीही थांबलीच पाहिजे, हा हट्ट आता कशाच्या जोरावर धरायचा?

त्या फांद्या बघायला उंदीर मारावा लागतो, मेंदूच्या पातळ चकत्या कापाव्या लागतात. हे लपवू नये. ब्रिटनमध्ये प्रत्येक प्रकल्पाचा सोप्या भाषेतला सारांश जाहीर होतो. प्राण्यांना किती त्रास होणार, हेही त्यात असतं. भारतातल्या प्रयोगांचे असे सारांश मराठीत हवेत, माझ्या मामेभावाला वाचता येतील असे.