कृपादानं पैशांपुरती नाहीत

देवाने दिलेल्या गोष्टींचे, म्हणजेच कृपादानांचे, आपण मालक नसून कारभारी आहोत, हे पैशांच्या वापरावरच्या तुमच्या लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रातही हेच आहे. पण लेख पैशांवरच थांबला, याची खंत वाटली. आमच्या गोव्यातल्या बाणावलीत जन्मलेले ख्रिस्ती धर्मगुरू संत जुझे वाझ १६८७ मध्ये श्रीलंकेला गेले, तेही मजुराच्या वेशात! द्यायला पैसा कुठला? तिथल्या कँडी शहरात देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा वाझांनी त्यांची शुश्रूषा केली. आमच्या वाड्यावरच्या एक मावशी चर्चमधली मिस्सा (प्रार्थनाविधी) झाली की अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे पेज नेतात, बायबल वाचून दाखवतात. स्वतः भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्या येण्याची त्या आजी सकाळपासून वाट बघतात.