व्हायोलिन दिलंत, आता तारांचंही बघा

सांगली-मिरजेत देणाऱ्या हातांची वानवा आहे असं मला कधीच वाटलं नाही. गणपती असो, देवळाचा जीर्णोद्धार असो, शाळेचा स्लॅब असो, माणसं खिशात हात घालतात. गरजू मुलांना फुकट व्हायोलिन आणि सतार शिकवणाऱ्या एका छोट्या संस्थेचा जमाखर्च मी सांभाळतो. पैसे तिथेही येतात. पण ते वाद्यवाटपाला येतात, वाद्य वाजतं ठेवायला येत नाहीत, आणि माझं सगळं भांडण तेवढ्यावरच आहे.

वाटपाचा कार्यक्रम झोकात होतो. बॅनर लागतो, हार-नारळ होतात, मुलं नवी कोरी व्हायोलिनं छातीशी धरून रांगेत उभी राहतात, फोटो निघतात. पाहुणे गेले की खरा खर्च सुरू होतो.

सगळ्यात आधी जाते ती पहिली तार. बारीक, सगळ्यात ताणलेली. नवशिक्या पोराने खुंटी जराशी जास्त पिळली की टण्ण! पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, उन्हाळ्यात त्याच खुंट्या सैल होऊन सुर लावता लावता घसरतात. मग सर खडू घासतात, तात्पुरतं भागतं. गजाचे, म्हणजे वाजवायच्या काठीचे, केस झिजतात, गळतात, त्यांना लावायची राळ संपते, तारा पेलणारी घोडी वाकडी होते. यातला एकेक खर्च काही शे रुपयांच्या पुढे क्वचित जातो, पण मजुरी करणाऱ्या घरात तार महिनाअखेरीला तुटली की पोरगी दोन आठवडे वर्गात फिरकत नाही. विचारलं तर म्हणते, 'पाहुणे आले होते.' तिसऱ्यांदा असं झालं की ती येतच नाही, आणि देणगीतलं व्हायोलिन कपाटावर जाऊन बसतं.

दुसरी गोष्ट देणाऱ्यांना माहीतच नसते. व्हायोलिन मुलाच्या मापाचं लागतं: पाव, अर्धं, पाऊण आणि मग पूर्ण. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात पूर्ण मापाचं दिलं तर डावा हात पोचत नाही, खांदा वर चढतो आणि ती खोड पुढे जन्मभर निघत नाही. शाळेच्या गणवेशासारखंच आहे हे, वाढत्या अंगाला दर दोन-तीन वर्षांनी नवा. फरक एवढाच की लहान झालेलं व्हायोलिन धाकट्याला देता येतं, जर मध्ये कुणी त्याची डागडुजी केली असेल तर. म्हणजे एका संस्थेला वीस नवी वाद्यं मिळण्यापेक्षा दहा वाद्यं आणि ती दुरुस्त करायला वर्षभर पैसे मिळाले तर जास्त मुलं टिकतात. हे मी बैठकीत मांडलं की माना डोलतात आणि पुढचा विषय निघतो तो स्टेजच्या रंगाचा.

तरी आपण नशीबवान. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा, तुणाचं लाकूड, जवारी (घोडीचा माथा घासून स्वराला आणलेला झंकार), तरफा (मुख्य तारांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा) हे सगळं जाणणारे कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत. आमच्या सतारींची जवारी बिघडली की एक कारागीर चहावर काम करून देतात, आणि माझ्या मते आमचे सगळ्यात मोठे देणगीदार तेच. पण कारागिराच्या भलेपणावर किती दिवस काढायचे? त्यांचंही पोट आहे. आणि सरांचं? मानधनाला देणगी मागितली की लोकांचा चेहरा बदलतो. वाद्याला पैसे देणं पुण्य, शिकवणाऱ्याला देणं मात्र 'ॲडमिन खर्च'!

याच मातीत घडलेली एक गोष्ट आहे. गायक विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म १८७२, गाव कुरुंदवाड. लहानपणी फटाक्याच्या अपघातात दृष्टीला इजा झाली, उपचारासाठी मिरजेत आणलं आणि पुढे मिरज संस्थानच्या आश्रयाने गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे वर्षानुवर्षं गाणं शिकता आलं. म्हणजे एका मुलाचा राहण्या-शिकण्याचा खर्च कुणीतरी दीर्घकाळ उचलला. पुढे एका समारंभाला त्यांना बोलावणं आलं आणि गुरूंना आलं नाही, हे मनाला लागलं, असं सांगतात. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय हे संगीताचं विद्यालय काढलं, ते एखाद्या राजाच्या भरवशावर नव्हे, तर लोकांच्या देणग्या आणि जलशांच्या उत्पन्नावर. त्याच विद्यालयाची मुंबईतली इमारत मात्र पुढे कर्जापायी हातची गेली. इमारत उभी करण्यापेक्षा रोजचा गाडा ओढणं अवघड, हे तेव्हाही खरं होतं.

तो समारंभाचा किस्सा मला वाटपाच्या दिवशी हमखास आठवतो. मुलांना देणगीदारांच्या पाया पडायला लावू नका हो. 'वडील काय करतात बाळा?' हे माइकवर विचारू नका. त्यांना पाच मिनिटं भूप राग वाजवू द्या, बेसूर झाला तरी ऐका. पोरांना तेवढा मान पुरतो.

'संगीतात पुढे स्कोप काय?' हा प्रश्नही दर वेळी येतो. क्रिकेटच्या नेटला पोराला घालताना कुणी विचारतं का?

कंपनीवाल्यांना एक सांगणं: सीएसआरसाठी, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर करायच्या खर्चासाठी, पात्र कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे असतात, आणि कायद्याच्या यादीत कला-संस्कृतीही आहे. तेव्हा 'आमच्या नियमात बसत नाही' म्हणण्याआधी यादी एकदा वाचा. घरगुती देणाऱ्यांनी रोख मोठी रक्कम आणू नये, दोन हजारांच्या वर रोख दिली तर देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही. त्यापेक्षा महिन्याला दोनशे-तीनशे खात्यातून आपोआप जातील असं करा. एकरकमी पन्नास हजार गाजतात, पण सरांना महिन्याच्या महिन्याला मानधन देता येईल की नाही हे त्या तीनशेंवर ठरतं.

आणि माळ्यावर पाऊण मापाचं व्हायोलिन पडलं असेल तर मेसेज करा. गजाला केस नसले तरी चालेल, ते आम्ही भरून घेऊ. फक्त मान तुटलेलं देऊ नका. तसली आमच्याकडे आधीच आहेत.