शेगडीजवळ पाणी ठेवले तरी धोका टळत नाही

‘कोळशाचा धूर थांबला की शेगडी बंद खोलीत ठेवा, शेजारी भांडेभर पाणी असले की विषारी वायू त्यात विरघळतो,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि जीवघेणा. हा विषारी वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. धूर दिसेनासा झाला तरी लाल निखाऱ्यांतून हा वायू निघतच राहतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या, ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला तर डोकेदुखी, मळमळ कळतही नाही. खिडकी किलकिली ठेवणेही पुरेसे नाही. शेगडी घराबाहेरच हवी. घरातल्या अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर कारण शोधत बसू नका. आधी सगळे मोकळ्या हवेत या, मग लगेच डॉक्टरांना गाठा.